पानशेतच्या पावसात जपानी वस्तरा

माझी दाढी राठ आहे आणि कातडी नाजूक. दोन-तीन पात्यांच्या रेझरने गळ्यावर पुळ्या उठायच्या, केस कातडीच्या आत वळायचे. डॉक्टरांनी एकाच पात्याने दाढी करून बघा म्हणून सांगितलं. पुण्यातला माझा एक मित्र कामानिमित्त जपानला जाऊन-येऊन असतो. त्याच्याकरवी मी तिथला जुना वस्तरा मागवला. त्याला तिकडे कामिसोरी म्हणतात. विमानात ही वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकावी लागते. कोणाकडून आणवणार असाल तर हे आधी सांगा.

आपल्याकडचा वस्तरा मिटतो. हा मिटत नाही. पातं आणि दांडा सलग असतो, दांड्यावर बऱ्याचदा वेत गुंडाळलेला. पात्यात मऊ लोखंड आणि कडक पोलाद भट्टीत एकमेकांना जोडलेलं असतं. दोन्ही अंगं सारखी नसतात. एक जास्त खोलगट, दुसरं कमी. निगाता भागातलं सान्जो हे शहर लोहारकामासाठी नावाजलेलं आहे. तिथले इवासाकी शिगेयोशी तामाहागाने पोलादाचे वस्तरे घडवायचे. हे तलवारींचं पोलाद, लोहवाळूपासून मातीच्या भट्टीत काढलेलं. माझा वस्तरा त्या तोलाचा नव्हे. कुठल्या तरी न्हाव्याने वापरलेला, साधा.

धार तयार आहे, असं विकणाऱ्याने कळवलं होतं. आल्यावर वस्तरा स्पिरिटने पुसला, गरम पाण्याने दाढी भिजवली, फेस केला आणि गालावर पातं टेकवलं. केस कापले गेले नाहीत, ओढले गेले. डोळ्यांत पाणी आलं. तिथेच थांबलो.

वस्तऱ्याबरोबर दोन वापरलेले पाणदगडही आले होते, एक १००० नंबरचा आणि एक ८००० चा. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. दगड भिजवून आठवडाभर रोज घासलं. टोकाला धार यायची, मुठीजवळ यायची, मधे मात्र बोथटच.

मग तात्यांकडे गेलो. तात्या आमच्या आळीतले. त्यांच्या वडिलांनी धोकटी घेऊन घरोघर हजामती केल्या आणि सुगीला बलुतं घेतलं. तात्यांनीही वस्तऱ्यावरच उमर काढली. एड्सच्या भीतीने सगळीकडे बदलत्या ब्लेडचे वस्तरे आले, तेव्हा त्यांनी आपला वस्तरा बांधून ठेवला. त्यांनी माझ्या वस्तऱ्याला हात लावला नाही. आधी दगड मागितला. त्यावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली. पट्टीखालून उजेड दिसत होता.

"आरं, दगडच मधी बसलाय. ह्याच्यावर सरळ धार यायची कशी?"

पाणदगड मऊ असतो, वापरून मधे झिजतो. उपाय सोपा निघाला. जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर पाणी मारून चिकटवला. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत तो पेपरवर घासला. आता प्रत्येक वेळी बसण्याआधी हे करतो. माझ्या मते अर्धं काम इथेच आहे.

दुसरी युक्ती मार्करची. धारेच्या कडेवर काळा मार्कर फिरवायचा आणि दगडावर हलके दोन-चार हात मारायचे. शाई जिथे राहिली तिथे दगड लागतच नाही. माझ्या पात्याच्या मधे शाई तशीच होती. म्हणजे आधीच्या मालकानेही बसक्या दगडावरच धार लावलेली. ती दुरुस्त करायला १००० नंबरच्या दगडावर फार वेळ गेला. कंटाळा आला, हे कबूल करतो. पण इथे घाई केली तर पुढचा बारीक दगड काही करू शकत नाही. धार बल्बखाली आपल्याकडे उभी धरून बघावी. कुठे चकाकी दिसली तर तिथे ती अजून बोथट आहे.

घासताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवायची. कोन आपोआप सांभाळला जातो. तात्यांची सवय दोन्ही बाजू सारख्या घासायची. कामिसोरीला ते चालत नाही. जास्त खोलगट बाजूला थोडे हात, दुसरीला जास्त. तात्यांना हे आधी पटेना. मी पात्याची दोन्ही अंगं दाखवली, त्यांनी नखाने चाचपली आणि मान डोलावली. पुढचं सगळं त्यांनी कानाने केलं. दगडावरचा खरखराट सारखा झाला की म्हणायचे, आता पुढच्या दगडावर घे.

शेवटी चामड्याचा पट्टा. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे. वळवताना पातं पाठीवरून फिरवायचं, नाहीतर पट्टा कापला जातो आणि धारही मोडते. हाताचे केस न ओढता उडाले, तेव्हा मी दाढीला बसलो.

आधी फक्त गाल. कातडी दुसऱ्या हाताने ताणलेली, पातं जवळजवळ आडवं, केसांच्या दिशेने. हात थरथरत होता. हा वस्तरा मुळात दुसऱ्याची दाढी करायला बनवलेला आहे, स्वतःच्या डाव्या गालावर तो अवघड जातो. हनुवटीखाली जरासं रक्त आलं, तुरटीने थांबलं. हनुवटी आणि ओठांवरचा भाग मी पुढे बरेच दिवस साध्या रेझरनेच करत होतो. गळ्यावरच्या पुळ्या हळूहळू बसल्या.

मग जून आला. पानशेतला पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, मग लोखंडाचं काय! न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलेल्या पात्यावर दोन दिवसांत तपकिरी ठिपके आले. धारेवरचा गंज घासून काढला की तिथे बारीक खड्डा राहतो आणि पुन्हा १००० पासून सुरुवात. खोबरेल लावून पाहिलं, ते चिकट होतं. शिलाई मशीनचं तेल चांगलं. दाढी झाली की पातं कोरडं पुसायचं, पट्ट्यावर चार हात मारायचे, तेलाचं बोट फिरवायचं आणि सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात, स्वयंपाकघरातल्या कोरड्या कपाटात. पट्ट्यालाही बुरशी धरते, तो उघड्यावर टांगू नये. त्या दिवसांत वीज गेली की मी धार लावायला बसत नाही. उजेडाशिवाय कड दिसत नाही.

इथल्या एका सलूनवाल्या मुलाने हा वस्तरा गिऱ्हाइकांसाठी मागितला. मी दिला नाही. एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं तर हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोका असतो, नुसतं पुसून तो जात नाही. हा वस्तरा एकाच माणसाचा. त्याला मी जपानच्याच फेदर कंपनीच्या वस्तऱ्याचं नाव सांगितलं. दांडा तसाच सरळ मिळतो, पण पातं बदलता येतं आणि दगड लागत नाही.