दाढेचं ऐकून

मी तसा ऐकणारा माणूस आहे. लहानपणी वडिलांचं ऐकलं, म्हणून कॉमर्सला गेलो. कचेरीत साहेबांचं ऐकलं, म्हणून पस्तीस वर्षं टिकलो. घरी कुणाचं ऐकतो ते सांगायला नकोच. राहता राहिलं हे पाच फूट चार इंचांचं शरीर. त्याचंही काही म्हणणं असेल, असं मला साठीपर्यंत कधी वाटलं नाही.

रिटायर झालो आणि शेजारच्या नानांच्या सांगण्यावरून रोज सकाळी दुधीचा रस घ्यायला लागलो. एके दिवशी तो कडूजहर लागला. जीभ म्हणाली, थुंक. नाना म्हणाले, "कडू तेवढं गुणकारी!" मी अर्थातच नानांचं ऐकणार होतो, पण सौ.नं पेला हिसकावून मोरीत ओतला. कडू दुधी विषारी असतो, त्याच्या रसानं माणसं दगावली आहेत, हे पुढे पेपरात वाचलं आणि मी मोरीला हात जोडले.

मग चिरंजीवांनी मनगटावर एक घड्याळ बांधलं. ते वेळ सोडून सगळं सांगतं. सकाळी मी ताजातवाना उठावं, तर ते म्हणणार, झोप खराब झाली. की मी लगेच जांभया द्यायला लागायचो! शिवाय दिवसाला दहा हजार पावलांचा हुकूम. हा आकडा वैद्यकशास्त्रानं काढला असेल अशी माझी भाबडी समजूत. प्रत्यक्षात १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मुळी 'दहा हजार पावलांचा मीटर'. म्हणजे जाहिरातीतला आकडा. तो पुरा करायला मी डोंबिवली स्टेशनचा पूल चढत-उतरत होतो. तिकीट न काढता, प्रवास न करता!

त्याच पुलावर माझी दाढ दुखायला लागली. डावीकडची, खालची. अर्ध्या जिन्यात कळ यायची, वर जाऊन कठड्याला टेकलो की थांबायची. घड्याळ म्हणे, शाबास, आणखी बाराशे पावलं. मी लवंगेचं तेल लावलं. आठ दिवस घरभर मसालेभाताचा वास.

"अहो," सौ. म्हणाली, "चिक्की खाताना नाही दुखत ती दाढ?"

बायकांना दाढेतलं काय कळतं, असं मनात म्हणत मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. मुलगा तरुण. त्यानं दाढा ठोकून पाहिल्या, फोटो काढला.

"काका, दाढ ठणठणीत आहे. दुखते कधी?"

"जिना चढताना."

"आणि थांबलात की?"

"थांबते."

त्यानं हातातलं हत्यार खाली ठेवलं. "काका, दाढेला जिना कळत नाही. आत्ताच्या आत्ता हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. एकटे नको, आणि चालत तर मुळीच नको."

हृदयाकडून आणि जबड्याकडून निघालेल्या तक्रारी मेंदूकडे जाताना एकमेकींत मिसळतात, आणि कागद भलत्याच टेबलावर जातो, असं मला नंतर समजावण्यात आलं. मला ते पटकन समजलं. आमच्या कचेरीच्या आवक-जावक विभागात दुसरं काय चालायचं? छातीत कळ येणार म्हणून मी आयुष्यभर छातीकडे कान लावून बसलेला. आणि अर्ज आला दाढेच्या सहीनं. रक्तदाब १७०-१०० निघाला. त्यानं तर इतकी वर्षं तोंडातून ब्रही काढला नव्हता. सगळीच शरीरं बोलतात असं नाही. त्यातली काही खाती मुकी असतात, तिथं आपण होऊन चौकशीला जावं लागतं.

धमनी नव्वद टक्के बुजली होती. स्टेंट बसवला. बाहेर बाकावर सौ. माझं घड्याळ मुठीत धरून चार तास बसली होती, असं चिरंजीव सांगतात. ती स्वतः त्याबद्दल काही बोलत नाही. मला खोलीत आणल्यावर तिनं ते माझ्या मनगटावर बांधलं, आणि पाचच मिनिटांत ते थरथरलं : आज हालचाल फार कमी. उठा, चाला.

सौ.नं ते काढून थेट पर्समध्ये टाकलं.

परवा पाडव्याला श्रीखंड होतं. मी हळूच म्हटलं, "शरीर आणखी एक वाटी मागतंय."

"दाढेला विचारा," सौ. म्हणाली, आणि पातेलं आत घेऊन गेली.