बागेचा ताण आणि आपला संयम

मनुष्य ज्या भूमीवर वस्ती करतो, तिच्याकडून तो बरेच काही शिकतो आणि आपल्या गरजेप्रमाणे तिला थोडेबहुत वळणही लावतो. कोठे डोंगरउतारावर ताली घालून तो शेत करतो, तर कोठे पावसाचे मान पाहून पीकच बदलतो. ही देवघेव समतोल असेपर्यंत संसार सुखाने चालतो. पांढुर्णा व सौसर या आपल्या तालुक्यांत या देवघेवीचा धडा शिकण्यासाठी दूर जावयास नको. तो आपल्या संत्र्याच्या बागेतच आहे. हे दोन तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याची सीमा नवी आखली गेली, तरी जाम व कन्हान या नद्या आपल्या जुन्याच वाटेने वाहतात, आणि जमिनीखालचे पाणी तर कोणाच्याच सातबाऱ्याकडे पाहून वाहत नाही.

आपल्या पूर्वजांनी येथील काळी जमीन ओळखली होती. पावसाळ्यात ओल धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती. म्हणून त्यांनी ज्वारीच्या ओळींत तूर पेरली, जोडीला कापूस लावला. पाऊस लवकर उलटला तर एक पीक हाती लागे, उशिरापर्यंत टिकला तर दुसरे. भूमी जशी आहे तशी मान्य करून तिच्याशी जुळवून घेण्याचा हा शहाणपणा होता.

संत्रे हे मात्र येथले मूळचे झाड नव्हे. नागपूरच्या भोसले राजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेकडून ते नागपुरास आणविले, असे सांगतात. तेथून ते काटोल, वरूड, पांढुर्णा, सौसर असे सर्वत्र पसरले. परक्या झाडाला येथे रुजविण्यासाठी माणसाने काय युक्ती केली पाहा. खाली जंबेरीचा काटक खुंट, आणि त्यावर संत्र्याचा डोळा. मुळे कष्टाळू, फळ गोड. बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या लागतो, हे ध्यानात येताच झाडाभोवती दुहेरी आळे करून पाणी खोडापासून दूर ठेवण्याची रीत आली. अशा रीतीने माणसाने झाडाला वळण लावले आणि झाडाने माणसाला.

परंतु या सर्वांत मोठी विद्या ताण देण्याची. वाचकांपैकी बहुतेकांस ती ठाऊक आहे. तथापि आपली मुले शिकून शहरात जात आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. संत्र्याला मनसोक्त पाणी देत राहिले तर ते नुसते पालवते, पुरेसे फुलत नाही. म्हणून जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंतही, त्याचे पाणी तोडावयाचे. पाने मलूल होतात, काही गळतात, पाहणाऱ्याचा जीव तुटतो. मग पाणी सोडले की सारी फांदी फुलाने भरून येते. डिसेंबर-जानेवारीत ताण दिला तर आंबिया बहार मिळतो. उन्हाळ्याच्या शेवटी दिला तर मृगाच्या पावसाबरोबर मृग बहार. ज्याच्या विहिरीला वैशाखात पाणी नाही, त्याने मृगाचा बहार धरावा, कारण त्या कडक दिवसांत झाड विसाव्यालाच असते. पाण्याच्या तुटीलाच पिकाचे साधन बनविणारी ही विद्या आपल्या शेतकऱ्याला मुखोद्गत आहे.

आता प्रश्न असा की, जो मनुष्य झाडाला इतक्या निष्ठेने ताण देतो, त्याने स्वतःच्या पाणी उपसण्याला कधी ताण दिला काय?

मोटेच्या दिवसांत हा प्रश्न उद्भवत नसे. धावेवर बैल चालत, थारोळ्यात पाणी पडे, आणि सायंकाळ होताच बैल थकत. बैल सोडावेच लागत. रात्रभर विहिरीचे झरे वाहत आणि सकाळी पाणी पुन्हा वर आलेले असे. उपशाची मर्यादा बैलाच्या खांद्यात होती. पुढे विजेचा पंप आला. त्याला थकवा नाही. विहीर आटली तेव्हा बोअर आले. शंभर फुटांवर पाणी नाही म्हणून तीनशे, तीनशेवर नाही म्हणून त्याहून खोल. पंपाने किती स्त्रियांच्या डोईवरची घागर उतरविली, किती कोरडवाहू घरांत शाळेची फी भरली गेली, हे आम्ही विसरत नाही. ज्या यंत्राने सुख दिले त्याची निंदा करणे अनुचित होय. मात्र बैलाच्या खांद्याबरोबर जी मर्यादा गेली, ती दुसरीकडे कोठे घालून घ्यावी याचा विचार राहून गेला.

आपल्या पायाखालची रचना ध्यानात घेतली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. वाळूच्या प्रदेशात पाणी सर्वत्र मुरून राहते. आपल्या पाषाणात ते केवळ मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहते. विहिरीतील पाणी बहुतांशी यंदाच्या पावसाचे असते. खोल बोअर ज्या भेगांतून पाणी ओढते, त्या भरावयास फार काळ लागतो. आणि पुष्कळदा एकाचे बोअर लागले की शेजाऱ्याची विहीर बसते. मग शेजारी त्याहून खोल जातो. ही चढाओढ सख्ख्या भावांतही आम्ही पाहिली आहे. एकाच बापाच्या वावराचे दोन तुकडे, मध्ये बांध, आणि दोन्हीकडे बोअरची यंत्रे. कर्ज दोघांनी काढले. पाणी एकासही पुरले नाही.

हिशेब करून पाहा. वीस फुटांवर झाड लावले तर एकरात सुमारे ११० झाडे बसतात. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एकरामागे रोजचे ११,००० लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी ठरविले आहे. त्या मानाने एका एकराची बाग २०० माणसांच्या वाट्याचे पाणी पिते. बाग वाढवू नये असे आम्ही म्हणत नाही. बाग लावण्यापूर्वी हा आकडा घरातील सर्वांनी एकदा मोठ्याने वाचावा, एवढेच आमचे म्हणणे. फळ धरावयास पाच-सहा वर्षे लागणारे झाड ऐन भरात वाळते, तेव्हा त्याच्या सरपणाबरोबर मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षणही चुलीत जाते.

आपल्या शेजारच्या वरूड व मोर्शी तालुक्यांत हेच घडले. संत्र्यासाठी विख्यात असलेल्या त्या भागात भूजलाचा उपसा भरण्याहून अधिक झाला, शासनास तो प्रदेश अतिशोषित ठरवावा लागला आणि नव्या विहिरी-बोअरवर निर्बंध आले. ठिबक हा उपाय खराच उत्तम. परंतु ठिबकाने वाचविलेले पाणी नव्या शंभर झाडांस लावले, तर भूमीच्या पदरी काय पडले?

याहून कोरड्या मुलखाने वाट काढली आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, हर्मन बाकर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी आयुष्य वेचले. ते २०२१ साली निवर्तले. त्यांच्या पाणलोटाच्या कार्यात गावाला पैशाआधी श्रमदान करावे लागे. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी गावानेच पाळावयाची. काम माथ्यापासून पायथ्याकडे चाले: आधी डोंगरावर चर, मग उतारावर बांध, शेवटी ओढ्यात बंधारा. धावणाऱ्या पाण्याला चालावयास लावावे, चालणाऱ्याला मुरावयास. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या सरपंचकीत आणखी पुढची पायरी गाठली. तेथे वर्षाचा पाऊस मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्याप्रमाणे पिके ठरविते. शेतीसाठी बोअर घेत नाही. बैलाच्या खांद्यातली मर्यादा त्या गावाने ग्रामसभेत आणली.

परमेश्वराने आदिमानवास बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. मशागत आपण मनापासून केली. राखणीचा अर्धा भाग शिल्लक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रात पृथ्वीला आपल्या सर्वांचे घर म्हटले आणि पिण्याचे पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. ज्याच्यापाशी बाग नाही, बोअर नाही, केवळ गावविहिरीवरची घागर आहे, त्या मजुराचा हक्क त्यात पहिला येतो.

तेव्हा वाचकहो, पावसाळा सरल्यावर प्रत्येक गावाने आपल्या विहिरींची पातळी दोरीने मोजून चावडीवर लिहावी. पाणी कमी असेल त्या वर्षी नवे झाड लावू नये, आणि नवे बोअर घेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीची चौकशी करावी. उतारावर चर खणण्यास दर घरातून एक माणूस, वर्षातून चार दिवस द्यावा. या कामास ना मोठा निधी लागतो ना कोणाची परवानगी. लागतो तो झाडाला देतो तसला ताण, यंदा आपल्या हाताला.