ताकदीची सुई

माण-खटावच्या बाजारगावात डॉक्टर कसा आहे याची एकच परीक्षा असे: सुई मारतो का? नुसत्या गोळ्या लिहून देणारा कितीही शिकलेला असो, त्याच्या दवाखान्याची पायरी दुसऱ्यांदा कुणी चढत नसे. "अंगात कणकण हाय, एक सुई मारा की," असं म्हणणारा माणूस बाकावर टेकायचा तो बाही वर सरकवूनच. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती टेबलावरच्या स्टीलच्या डब्यात, उकळत्या पाण्यात, वाड्यातल्या वहिनीसाहेबांसारखी निवांत न्हात असायची.

अंगानं काचेची. पोटावर रेघा आणि आकडे, आत घट्ट बसणारा दट्ट्या, आणि पुढं पोलादी टोक. टोक बोथट झालं की दगडावर घासून धार लावत, पण टाकून देत नसत. स्वभावानं मानी. दुखलं तरच गुण येतो ही समजूत तिनंच रुजवलेली. अशक्तपणाला ती लालभडक बी-बारा टोचायची, म्हणून 'ताकदीची सुई'. तपासणीची फी देताना कुरकुरणारा शेतकरी सुईचे पैसे मात्र निमूट मोजायचा, त्यामुळं दवाखान्याचा संसारही बराचसा तिच्यावरच चाले. भेदभाव तिला ठाऊक नव्हता. वाड्यावरचे पाटील आणि बीडहून ऊसतोडीला आलेली मजूर बाई, दोघांसाठी डबा एकच.

तिथंच घात होता. उकळायचंच तर चांगली वीस मिनिटं हवीत. बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात रांग लागली की वीस मिनिटं कोण थांबणार? स्पिरिटचा बोळा फिरवला की पुढचा दंड. हिपॅटायटिस बीच्या विषाणूला एवढी सवलत पुरते. शरीराबाहेर तो किमान सात दिवस तग धरतो, आणि डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या रक्तावर त्याचं भागतं. एचआयव्ही असलेल्याच्या रक्तानं माखलेली सुई दुसऱ्याला टोचली तर लागण होते हजारात साधारण तिघांना. बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्यांमध्ये, हा आकडा शंभरात तीसपर्यंत जातो.

त्या जुन्या डॉक्टरांवर मला राग धरवत नाही. या विषाणूची पहिली खूण बारूक ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडली ती १९६० च्या दशकात, आणि त्यांना नोबेल मिळालं १९७६ साली. हे आडगावच्या दवाखान्यापर्यंत पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली. राग येतो तो नंतरच्या लोकांचा. प्लास्टिकची, एकदाच वापरायची सुई आली तेव्हा तीही धुऊन पुन्हा वापरणारे निघाले, आणि ती तर उकळताही येत नव्हती. २००९ मध्ये गुजरातेत मोडाशाला याच हिशेबानं हिपॅटायटिस बीची साथ उसळली आणि कित्येक जीव गेले. आता सरकारी लसीकरणात वापरतात त्या सिरिंजचा दट्ट्या एकदा दाबला की अडकून बसतो. माणसाला अक्कल येईना, म्हणून सुईलाच शपथ घालावी लागली.

पण सगळं पाप तिच्या माथी मारणं खरं नाही. मोठ्या माणसाला बीची लागण झाली तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण काही महिन्यांत आपोआप त्यातून सुटतात. जन्मताना आईकडून ज्याला लागण होते, त्या बाळाचं उलट: शंभरात नव्वदांच्या अंगात विषाणू कायमचा मुक्कामाला येतो. न्हाव्याचं पातं, गोंदणारणीची सुई, नवरा-बायकोचा संबंध या वाटा आहेतच, पण पिढ्यान्‌पिढ्या पुरणारी वाट बाळंतपणाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानं भारतात हा विषाणू अंगात मुक्कामाला असलेले सुमारे तीन कोटी लोक आहेत. त्यातल्या बहुतेकांना ठाऊकच नाही, कारण ही कावीळ असून पिवळी दिसत नाही. डोळे पांढरे, भूक शाबूत, उसाच्या मोळ्या उचलायला अंगात बळ. काविळीची माळ घालायला तरी काही दिसायला हवं ना! वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी होतं किंवा यकृतात गाठ निघते, तेव्हा गाडी करून मिरजेला नाहीतर कराडला.

मधल्या काळात कळलंच तर पुन्हा एका सुईमुळं, पण ही घेणारी. सातारा-सांगलीकडं पुढाऱ्याचा वाढदिवस म्हणजे रक्तदान शिबिर. पोरगा हौसेनं रक्त देतो, प्रमाणपत्रासह फोटो टाकतो, आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं येतं. गावात 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द पोचतो आणि लोक भलतंच समजतात. घरात त्याचं ताट वेगळं होतं, तांब्या वेगळा होतो, ठरत आलेलं लग्न मोडतं. एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही, हे सांगायला मात्र कुणी घरी येत नाही. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध फुकट आहे. ज्याला गरज असेल त्याला रोज एक गोळी, वर्षानुवर्षं, मनानं बंद न करता. आता ज्याला काहीच दुखत नाही त्यानं रोज गोळी घ्यायची, आणि तीही सुईवर वाढलेल्या मुलखात! महिना-दोन महिन्यांत पाकीट फळीवर धूळ खात पडतं.

या घराण्यातली धाकटी सुई मात्र अगदी वेगळ्या वळणाची. अर्धा मिली लस, बाळाच्या मांडीत, जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत. महाराष्ट्राला ही लस २००७-०८ मध्ये सरकारी कार्यक्रमात मिळाली, साऱ्या देशाला २०११ मध्ये. हिला कुणी मागत नाही. "आत्ता तर आलंय, लगेच टोचताय व्हय?" म्हणून आजीच आडवी येते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं सुनेच्या तपासणीचा कागद कोरेगावच्या फायलीत आणि बाळ जन्मतं जतला. म्हणून तर ही सरसकट प्रत्येकाला द्यायची, आईचा कागद हाताशी असो वा नसो. तरी मध्यरात्री एकच बाळंतपण झालं तर दहा डोसांची कुपी फोडायला सिस्टरचा हात आखडतो. उरलेले नऊ वाया जातील, वर जाब विचारतील. खरं तर कुपी नीट थंड ठेवली, गोठू दिली नाही, तर उघडलेल्या कुपीतले डोस चार आठवडे वापरायला नियमानं मुभा आहे. पण सिस्टर म्हणते, "असू दे, सकाळी बघू." सकाळी राउंड, मग दुपारी सुट्टीची गडबड, आणि संध्याकाळी जीप दाराशी लागलेली असते.