इंग्रजीच्या बाई हव्यात, जागा मात्र नाही

एप्रिल उजाडला की सातारा-सांगलीच्या वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर ‘शिक्षक पाहिजेत’च्या चौकटी दिसायला लागतात. त्यात इंग्रजी, गणित आणि विज्ञान हे तीन विषय ठरलेले. बी.एड.ला आमच्या वर्गातल्या इतिहास-मराठीवाल्या मैत्रिणी म्हणायच्या, “तुमचं काय बाई, इंग्रजीवाल्यांना घरी बोलवायला येतील.” तसं बोलावणं खरंच येतं. ते कशासाठी येतं आणि किती पगारावर येतं, हे मात्र नोकरीला उभं राहिल्यावरच कळतं. यंदा इंग्रजी मेथड घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी माझा अनुभव लिहिते आहे.

मी कोरेगाव तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमाची, एम.ए. शिवाजी विद्यापीठाचं, बी.एड. साताऱ्यात. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. म्हणजे बारावीनंतर बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन आणि बी.एड.ची दोन अशी सात वर्षं. एवढी वर्षं घरच्यांनी विनातक्रार शिकवलं, त्याला कारण आहे. आमच्या भागात मास्तरकीला मान आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. साताऱ्याचं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन १९५५चं. या संस्थांतून शिकून पोटाला लागलेली माणसं गावोगाव आहेत. प्रत्येक भावकीत एखादे गुरुजी असतात, त्यांचं बांधलेलं घर असतं, पेन्शन असते. आमच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर तेच होतं.

इंग्रजीची गरज किती, हे कुणाला सांगायला नको. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे आणि ते बारावीपर्यंत सक्तीचं आहे. दहावीला मराठी माध्यमाच्या मुलाला तृतीय भाषा म्हणून ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुणांची तोंडी परीक्षा असते. म्हणजे प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गाला, रोज इंग्रजीचा तास. तरीही पद का निघत नाही? कारण पदं विषयावरून ठरत नाहीत, पटावरून ठरतात. पदं मंजूर करणाऱ्या संचमान्यतेत पट कमी भरला की पद जातं आणि इंग्रजीचा तास सामाजिक शास्त्रांच्या सरांच्या वेळापत्रकात टाकला जातो. ते सर मनापासून शिकवतात, पण धडा मराठीत समजावून उत्तरं फळ्यावर लिहून देण्यापलीकडे त्यांच्या हाती फारसं काही नसतं. त्यात मे २०१२मध्ये शिक्षकभरतीवर बंदी आली, ती बरीच वर्षं टिकली. पुढे भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. शिक्षक अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७मध्ये पहिल्यांदा झाली, दुसरी २०२३मध्ये, तिसरी २०२५च्या मे-जूनमध्ये. पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला. तेवढ्यात मुलींची लग्नं होतात, मुलं एमआयडीसीत लागतात.

शिक्षक पात्रता परीक्षेचीही (टीईटी) एक अडचण इंग्रजीवाल्यांनी आधीच ओळखून ठेवावी. सहावी ते आठवीचा दुसरा पेपर १५० गुणांचा. त्यातले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांचे. इंग्रजीचे गुण फक्त ३०. बी.ए., एम.ए. दोन्ही इंग्रजीत केलेल्या माणसाला त्या पेपरासाठी मराठ्यांचा इतिहास आणि महाराष्ट्राचा भूगोल पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो. मी वाचला आणि उत्तीर्ण झाले. अभियोग्यता चाचणीत तर विषयच नाही. २०० गुणांचा पेपर, त्यात १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. मला वर्गासमोर इंग्रजी बोलता येतं की नाही, हे या दोन्ही परीक्षांत कुणी तपासत नाही. पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ हा पर्याय दिलेल्या संस्थेपर्यंत पोहोचलात, तरच पाठ घेऊन दाखवायची वेळ येते.

पोर्टलची वाट बघत घरी बसता येत नाही, म्हणून मी सांगली जिल्ह्यात एका विनाअनुदानित तुकडीवर गेले. मुलाखतीला नववीच्या वर्गावर पाठ घेतला. मुलं बोलती झाली, मुख्याध्यापकांनी मागच्या बाकावर बसून ऐकलं. नंतर ऑफिसात चहा आला आणि संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, “मॅडम, पाठ झकास झाला. आता आज ना उद्या अनुदान येणार, मान्यता येणार, पगारासाठी शालार्थ आयडी निघणार. तवा संस्थेचंबी कायतरी बघायला लागतं.” आकडा त्यांनी तोंडानं सांगितला नाही, टेबलावरच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिला. वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रान इकून मास्तरीण नाही करायची तुला.” तिथे मी नकार दिला.

दुसऱ्या एका शाळेत अशाच विनाअनुदानित तुकडीवर काही काळ काम केलं. तिथे मराठीचे एक सर होते, चाळिशी ओलांडलेले. पहाटे डेअरीवर दूध मोजायचे, साडेदहाला शाळेत यायचे. २००१च्या सुमारास राज्यानं शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी द्यायला सुरुवात केली. २००९ साली ‘कायम’ हा शब्द काढला, त्यानंतर अनुदान टप्प्याटप्प्यानं येऊ लागलं. हे सर त्या टप्प्यांच्या आशेवर तरुणपण घालवून बसलेले. मला म्हणाले, “बाई, तुम्ही इथं थांबू नका. थांबलं की सवय लागते.” त्यांचं मी ऐकलं.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत नोकरी लवकर मिळते. २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावांतच काय, मोठ्या खेड्यांतही अशा शाळा निघाल्या. तिथे पोर्टल नाही. सोमवारी मुलाखत झाली की बुधवारी वर्गावर. मी अशा एका शाळेत होते, तेव्हा मला महिना ९ हजार मिळायचे, तेही दहा महिने. मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा करून घेतली होती. ती परत मिळवताना मला जो त्रास झाला तो शत्रूलाही होऊ नये. इकडे सरकारी शिक्षणसेवकाचं मानधन २०२३पासून माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. त्याआधी ते ८ आणि ९ हजार होतं. म्हणजे ज्याला आपण तुटपुंजं म्हणत होतो, तेवढ्यावरच या शाळांतल्या बाया आजही राबताहेत. आणि पालक त्यांनाच येऊन म्हणतात, “आमची पोरगी फाडफाड बोलली पाहिजे बघा.”

पाचगणीचा मार्ग वेगळा आहे. सेंट पीटर्ससारख्या तिथल्या निवासी शाळा शंभर वर्षांहून जुन्या. राहणं-जेवण धरून त्यांचा पगार बरा असतो. पण तिथे उमेदवार लहानपणापासून इंग्रजीत वाढलेले असतात, त्यांच्यासमोर मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिली दहा मिनिटं जड जातात. तरीही तिकडे अर्ज करा, असंच मी सांगेन. व्याकरण मराठी मुलाच्या अंगानं समजावून सांगायची हातोटी आपल्याकडे असते, ती तिथेही उपयोगी पडते. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ची, देशातली पहिली. तिथल्या कंत्राटी जागांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावं.

मला खरं शिकवायला मिळालं ते मिरजेत, आणि तिथे मी शाळेसाठी गेलेच नव्हते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२चं. नर्सिंग शिकलेल्या मुलींची इथे कमी नाही आणि त्यातल्या अनेकींना परदेशी जायचं असतं. ब्रिटनमध्ये नोंदणी हवी तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ लागतात, नाहीतर ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची परीक्षा द्यावी लागते. एका क्लासला ओईटीची संध्याकाळची बॅच घ्यायला बाई हवी होती. तासाला ३०० रुपये, रोज दोन तास.

ओईटीत संभाषणासाठी एक चिठ्ठी देतात. समोरचा माणूस रुग्ण होतो, नर्सनं त्याच्याशी पाच मिनिटं बोलायचं. एका सिस्टरच्या चिठ्ठीत इन्सुलिनच्या इंजेक्शनला घाबरणारी म्हातारी होती. सिस्टर रात्रपाळी करून आलेली. ती सारखी म्हणत होती, “डोन्ट वरी, नथिंग विल हॅपन.” तीनदा-चारदा तेच. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, हेच वॉर्डात मराठीत बोल. लगेच तिचा आवाज बदलला. “काय मावशी, कशाची भीती वाटतीय? सुईची, का रोज घ्यावं लागंल त्याची?” मी म्हटलं, आता हेच प्रश्न इंग्रजीत घेऊ. “व्हॉट इज वरीइंग यू मोस्ट? द नीडल, ऑर टेकिंग इट एव्हरी डे?” पुढची पाच मिनिटं तिला कमी पडली. बी.एड.ला इंग्रजीच्या तासाला मराठी टाळा असं आम्हाला शिकवलं होतं. मिरजेच्या त्या खोलीत मराठीतूनच इंग्रजीला वाट मिळाली. त्या सिस्टरला संभाषणात ‘बी’ श्रेणी मिळाली, तिला तेवढीच हवी होती.

या कामाचे पैसे मला शाळेपेक्षा जास्त मिळतात. पण तेही पक्कं नाही. ब्रिटनमधली परदेशी नर्सची भरती मंदावली तशी बॅच रोडावली. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मुली जर्मनची चौकशी करतात. बरोबरची एक मैत्रीण मालदीवला गेली. तिथल्या शाळा भारतीय शिक्षकांना घेतात. थायलंड-व्हिएतनामच्या ऑनलाइन जाहिरातींना भुलू नका, तिथे अनेक ठिकाणी इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट आधी बघतात.

माझं नाव अजून पवित्र पोर्टलवर आहे. सकाळी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, संध्याकाळी मिरजेत. सरकारी जागेची आशा मी सोडलेली नाही आणि तिच्यावर विसंबूनही नाही. नव्यानं बाहेर पडणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: टीईटी आणि अभियोग्यता चाचणी देत राहा. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही कपाटात ठेवू नका, झेरॉक्स द्या. नियुक्तीपत्र हातात पडल्याशिवाय वर्गावर जाऊ नका. जागेसाठी पैसे मागितले तर उठून या. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं जमवा, मग ती नर्स असो, ड्रायव्हर असो की द्राक्षं निर्यात करणारा तासगावचा बागायतदार. त्यांना गरज आहे आणि ते फी देतात.

पालकांनाही एक विनंती आहे. येत्या पालकसभेत मुलाच्या इंग्रजीबद्दल विचाराल तेव्हा सोबत हेही विचारा, की त्याला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना नियुक्तीपत्र दिलंय का, आणि बारा महिन्यांचा पगार मिळतो का.