लुकबान: भिंतीवर मांडलेलं पीक

मनिलाहून दक्षिणेला निघालं की लगूना प्रांतातल्या नारळाच्या राया मागे पडतात, रस्ता बानाहाव डोंगराच्या पायथ्याशी चढू लागतो आणि हवेला गारवा येतो. केसोन प्रांतातलं लुकबान इथेच वसलं आहे. १५ मे जवळ आला होता. त्या दिवशी सान इसिद्रोचा सण, पाहियास.

सान इसिद्रो हा बाराव्या शतकातला माद्रिदचा शेतमजूर. स्पॅनिश पाद्र्यांबरोबर तो फिलिपिन्सच्या शेतात आला आणि इथलाच झाला. पूर्वी शेतकरी आशीर्वादासाठी पीक चर्चमध्ये नेत. आता ते घराच्या दर्शनी भिंतीवर मांडतात आणि संताची मिरवणूक दारावरून जाते. भाताच्या लोंब्या, मुळे, भोपळे, केळीचे घड आणि त्यांत किपिंगची रंगीत पानं.

एका घरी किपिंग बनताना पाहिलं. भिजवून वाटलेल्या तांदळात रंग कालवायचा, काबाल झाडाच्या पानावर पातळ पसरून वाफवायचा आणि वाळला की अलगद सोलायचा. आपल्याकडे पानावरच्या फेण्या करतात, तसंच. सोललेलं किपिंग उजेडात धरलं तर त्यावर पानाची शीर न् शीर उमटलेली दिसते. अशी पानं ओवून मोठमोठी झुंबरं करतात. त्यांना म्हणतात अरांग्या. सण सरला की तेच किपिंग तळून खातात.

इथली टोपीही शेताशी जोडलेली. बुरी ताडाच्या पानाच्या देठातून ओढून काढलेला बुंतालचा धागा चिवट आणि चकचकीत असतो. माथ्यापासून कडेकडे विणत गेलेली ती टोपी हातात घेतली तर वजनच जाणवत नाही.

याच गावच्या शेतकऱ्याचा मुलगा आपोलिनारियो दे ला क्रूझ, लोकांचा ‘एर्मानो पुले’. त्याला धर्मसंघात जायचं होतं. पण तो पडला ‘इंडियो’, म्हणजे इथलाच माणूस, म्हणून दार बंद झालं. १८३२ मध्ये त्याने सान होसेच्या नावाने आपल्या लोकांचा स्वतंत्र भक्तसंघ काढला. चर्चने मान्यता नाकारली, सरकारने फौज धाडली. ४ नोव्हेंबर १८४१ रोजी जवळच्या तायाबासमध्ये त्याला गोळ्या घातल्या आणि देहाचे तुकडे करून लोकांपुढे मांडले. वयाची तिशीही त्याने गाठली नव्हती. हे ठाऊक असलं की पाहियासची रोषणाई नुसती डोळ्यांनी पाहून भागत नाही.

मिरवणुकीचा मार्ग दर वर्षी बदलतो, म्हणजे प्रत्येक गल्लीची पाळी येते. भिंत सजवायला घरच्यांकडे पैसा किती, यापेक्षा मला ही पाळीच महत्त्वाची वाटली.