सही, शिक्का आणि सायमन

दिवाळीला जालन्याला गेलो की धाकट्या भावाची टर उडवायची, हा माझा जुना उद्योग. साहेबांनी एम. ए. ला विषय घेतला लोकप्रशासन! "सही कुठे करायची नि शिक्का कुठे मारायचा, हे शिकायला दोन वर्षं कशाला रे?" असं मी चारचौघांत म्हणायचो. तो हसून सोडून द्यायचा.

यंदा मात्र माझीच फजिती झाली. आजोबा जाऊन वर्ष झालं तरी सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली नव्हती. अण्णांच्या एका कार्यालयात सहा चकरा झालेल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी एक कागद कमी. मग मी गेलो, आवाज चढवला आणि सातवी चकर पदरात पाडून परत आलो. वर तिथले क्लार्क अण्णांशी धड बोलेनासे झाले, ते वेगळंच.

रात्री भाऊ म्हणाला, "दादा, याला फ्रेड रिग्ज फॉर्मॅलिझम म्हणतो. कागदावर एक अन् चालायलंय दुसरंच."

म्हणजे स्पेक एक आणि कोड भलताच की! झोप येईना, म्हणून त्याचं पुस्तक उघडलं.

सुरुवात १८८७ची. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सनने लेख लिहिला, की कारभार कसा चालवावा हाही अभ्यासाचा विषय आहे. १९२६ला लिओनार्ड व्हाईटचं पाठ्यपुस्तक आलं. मग काही मंडळींनी कारभाराची 'तत्त्वं' मांडली. १९४६ला एकाने सुनावलं, ही तत्त्वं नव्हेत, म्हणी आहेत. एक म्हण सांगते 'शुभस्य शीघ्रम्', दुसरी म्हणते 'अति घाई संकटात नेई'. हा कोण? हर्बर्ट सायमन! आमच्या क्षेत्रातलं ट्युरिंग अवॉर्ड (१९७५) आणि अर्थशास्त्राचं नोबेल (१९७८) मिळवणारा. त्याचं म्हणणं, माणसाकडे वेळ आणि माहिती तोकडी असते. तो सर्वोत्तम नाही, चालेल इतपत निर्णय घेतो. मी रिलीजच्या आदल्या रात्री दुसरं काय करतो?

आपल्याकडे नागपूर विद्यापीठाने १९४९-५०च्या सुमारास या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. दिल्लीची भारतीय लोकप्रशासन संस्था १९५४ची.

सकाळी अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "१ मे १९८१ला जालना जिल्हा झाला. त्याआधी कलेक्टर ऑफिसचं काम म्हणजे औरंगाबाद गाठा. परतूरवाल्यांना परभणी." आता ते अंतर मिटलंय. टेबलाच्या अलीकडून पलीकडचं तेवढं बाकी आहे.

सुट्टीनंतर भाऊ अण्णांना घेऊन तिथे गेला. नेमकं काय कमी आहे ते क्लार्कला शांतपणे विचारलं. त्यांच्याकडे दोन टेबलांचा चार्ज होता, हे मला सात चकरांत कळलं नव्हतं. त्याने कागदांची यादी लिहून घेतली, अर्ज दिला आणि पोच मागितली.

नावं अजून लागायची आहेत. पण त्या पोचेचा फोटो भावाने मला पाठवला. त्यावर तारीख होती, सही होती आणि हो, शिक्काही होता.

टर बंद.