मनिलांतील मधमाशी

प्रवासाहून परतलेल्या माणसानें देवळें, राजवाडे, बागा आणि समुद्रकिनारे यांचें वर्णन करावें अशी रीत आहे. फिलिपाईन्स देशाची राजधानी मनिला येथें पाहण्यासारखें पुष्कळ आहे. तथापि आज मी वाचकांस तेथील एका खाणावळींत नेणार आहें. ज्यानें सारा जन्म मुलांना 'बाहेरचें खाऊं नये' असें बजावण्यांत घालविला, त्या मास्तरानें खाणावळीचें वर्णन लिहावें याचें माझ्या जुन्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. परंतु कारण घडलें तें असें.

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त मनिलांत असतो. चार वर्षांपूर्वीं तो मुलाबाळांसह घरीं आला असतां पांच वर्षांच्या नातवानें एके दिवशीं हॉटेलांत जाण्याचा हट्ट धरिला. "घरांत अन्नपूर्णा असतांना पैसे मोजून परक्याच्या हातचें खाणें ही अवदसा होय," असें मीं त्यास सर्वांसमक्ष सुनावलें. पोर मुकाट्यानें पानावर बसलें आणि न जेवतांच उठलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. परंतु त्यानंतर तो घरीं आला नाहीं. कारण कामाचें सांगे. खरें कारण मला ठाऊक होतें. म्हणून गेल्या पौषांत मीच त्याच्याकडे गेलों. आमच्या कुटुंबास गुडघ्यांमुळें एवढा प्रवास झेपण्यासारखा नव्हता.

पोंचल्यावर तिसऱ्याच दिवशीं नातवाचा वाढदिवस आला. तो कोठें करावयाचा हें सांगतांना सूनबाई चांचरत होती. मींच म्हटलें, "जेथें असेल तेथें मी येईन."

रविवार होता. प्रार्थनामंदिरांतून परतणारीं कुटुंबेंच्या कुटुंबें त्या दुकानांत लोटलीं होतीं. दारांत तांबडा कोट व आचाऱ्याची पांढरी टोपी घातलेली माणसाएवढी हंसरी मधमाशी उभी होती. दुकानाचें नांवहि तेंच, 'जॉलिबी', म्हणजे आनंदी मधमाशी. आंत आजी-आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत तीन तीन पिढ्या एकेका मेजाभोंवतीं दाटीवाटीनें बसल्या होत्या. नातवंडें येतांच वृद्धाचा हात हातीं घेऊन आपल्या कपाळास लावीत होतीं. वडिलांस वंदन करण्याची ही त्यांची रीत. तिला 'मानो' म्हणतात. सूनबाईनें शेजारच्या मेजावरील बाईस माझी ओळख करून दिली ती 'गुरो' या शब्दानें. मी चमकलों. तेथील तागालोग भाषेंत शिक्षकास 'गुरो', तोंडास 'मुखा' आणि आशेस 'आसा' म्हणतात, असें मग समजलें. हजार वर्षांपूर्वीं हे संस्कृत शब्द समुद्र ओलांडून गेले आणि तेथील लोकांच्या तोंडीं बसून त्यांचेच झाले. त्या दिवशीं पुढें जें पाहिलें त्याची ही जणूं प्रस्तावनाच होती.

दुकानाची हकीकत मुलानें सांगितली. चीनच्या फुकियेन प्रांतांतून एक गरीब कुटुंब या देशांत आलें. बाप एका चिनी देवळांत स्वयंपाकी होता. पुढें त्यानें दक्षिणेकडील दावाओ शहरीं स्वतःची खाणावळ घातली. त्याच्या सात मुलांपैकीं टोनी टान काक्तियोंग हा मनिलांतील सांतो तोमास विद्यापीठांत रसायन-अभियांत्रिकी शिकला आणि १९७५ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, त्यानें मॅग्नोलिया या प्रसिद्ध कंपनीचें आइस्क्रीम विकणारीं दोन दुकानें क्युबाओ व कियापो या पेठांत काढलीं. गिऱ्हाइकें येत, आइस्क्रीम खात, आणि कांहीं गरम आहे का म्हणून विचारीत. टाननें त्यांचें ऐकलें. तो गरम पदार्थ ठेवूं लागला आणि पाहतां पाहतां आइस्क्रीम मागें पडलें. १९७८ सालीं सात दुकानें झालीं, तेव्हां कंपनी नोंदवून तिला मधमाशीचें नांव दिलें. मधमाशी उद्योगी आणि मध गोड, म्हणून.

खरी परीक्षा १९८१ सालीं आली. त्या वर्षीं अमेरिकेंतील जगद्विख्यात मॅक्डोनल्ड कंपनीनें मनिलांत दुकान उघडलें. भांडवल, यंत्रें, शिस्त, जाहिरात यांपैकीं कशांतहि या चिमुकल्या कंपनीची तिच्याशीं बरोबरी नव्हती. परंतु एक गोष्ट परक्या कंपनीस विकत घेतां येण्यासारखी नव्हती. ती म्हणजे फिलिपिनो माणसाच्या जिभेची ओळख. अमेरिकन कंपनी जगभर एकच चव नेत होती. टाननें आपल्या पदार्थांत घरची चव आणली. तळलेल्या कोंबडीबरोबर त्यानें पावाऐवजीं भात दिला, कारण भाताशिवाय जेवण झालें असें तेथें कोणी मानीत नाहीं. इटालियन लोकांच्या शेवयांसारख्या स्पगेटीवर त्यानें गोड रस घातला. खऱ्या इटालियन माणसानें तो चाखला तर तो कपाळास हात लावील. परंतु फिलिपिनो घरांत वाढदिवसास अशीच गोड स्पगेटी शिजते. आपल्या आमटींतील गूळ पाहून परप्रांतीय पाहुणा नाक मुरडतो आणि आपणांस मात्र त्या गुळावांचून आमटी सुनी लागते, त्यांतलाच हा प्रकार.

अशा रीतीनें या देशी मधमाशीनें बलाढ्य पाहुण्यास मागें टाकिलें, आणि आजहि त्या देशांत सरशी तिचीच आहे. १९९३ सालीं तिचे भाग बाजारांत आले. पुढें तिनें देशांतील इतर खाद्यगृहें व २०१९ सालीं अमेरिकेंतील एक मोठी कॉफीची पेढीहि विकत घेतली. फिलिपाईन्समध्यें मधमाशीच्या शाखा हजाराहून अधिक आहेत. मात्र एवढ्या वाढींत सर्वच गोड नाहीं. २०१८ सालीं सरकारच्या श्रमखात्यानें या कंपनीस सहा हजारांवर कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला होता. मध गोळा करणाऱ्या माशीच्या वांट्यास किती मध येतो, हा प्रश्न येथेंहि सुटलेला नाहीं.

हें ऐकत असतांना माझ्या मनांत मास्तरी शंका आली. कोंबडी तळण्याची तऱ्हा अमेरिकन, शेवया इटलीच्या, मालक चिनी आचाऱ्याचा मुलगा. मग यांत 'आपलें' तें काय? मुलगा म्हणाला, "नाना, तो गोड रस पाहा ना!" या देशांत टोमॅटो दुर्मिळ व केळीं विपुल, म्हणून केळ्यांचें केचप करण्याची युक्ति मारिया ओरोसा या विदुषीच्या नांवावर मोडते. ती अमेरिकेंत रसायनशास्त्र शिकून परत आली आणि देशांतील फळाकंदांपासून टिकाऊ अन्न करण्याचे प्रयोग तिनें जन्मभर केले. १९४५ सालीं मनिलांतील लढाईंत तोफेच्या माऱ्यांत तिचा अंत झाला. तिचें तें केचप घरोघरच्या स्पगेटींत गेलें आणि परका पदार्थ घरचा झाला.

यावर मला आमच्या एकादशीच्या ताटाची आठवण झाली. बटाटा, मिरची, शेंगदाणा, आणि साबूदाणा ज्या कंदापासून करितात तो कंद, हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं. पोर्तुगीज येण्यापूर्वीं आपल्या आज्यांच्या आज्यांनीं यांचीं नांवेंहि ऐकलीं नव्हतीं. आणि आज हींच आपल्या सोवळ्यांत बसलीं आहेत! चार पिढ्यांच्या गृहिणींनीं प्रेमानें रांधून वाढिलें कीं परकें अन्न आपलें होतें. मीं ज्या 'घरच्या' अन्नाच्या बळावर पोरास रडविलें, त्याचेंहि कूळ असें दूरचें आहे.

एवढ्यांत शेजारच्या मेजावर गलबला झाला. 'गुरो' म्हणून मला वांकून नमस्कार करणाऱ्या त्या बाईनें कागदी पेल्यास टेकून दूरध्वनि उभा केला होता. त्यांत तिची मुलगी दिसत होती. ती हाँगकाँगांत कोणाच्या घरीं मुलें सांभाळण्याच्या कामास आहे, असें सूनबाई म्हणाली. तीन पोरें आपापलीं पानें उचलून आईस दाखवीत होतीं आणि ती एकेकास 'भात संपव' म्हणून सांगत होती. २०२३ सालच्या सरकारी पाहणीप्रमाणें या देशाचे वीस लाखांहून अधिक लोक परदेशीं राबतात, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. मधमाशी त्यांच्या मागोमाग गेली. १९८७ सालीं ब्रुनेई, १९९८ सालीं कॅलिफोर्नियांतील डेली सिटी, २०१५ सालीं दुबई, २०१८ सालीं मिलान व लंडन. जेथें दुकान उघडलें तेथें पहिल्या दिवशीं लांबच लांब रांगा लागल्या. कोंबडी काय, जगांत कोठेंहि मिळते. ते लोक रांगेंत उभे राहतात ते रविवारच्या या मेजासाठीं.

हें दुकान आईची जागा घेऊं शकत नाहीं, आणि ज्या देशांतील आयांना पोरें सोडून जावें लागतें तेथें कांहींतरी बिनसलेलें आहे, हें खरें. तथापि दुरावलेल्या माणसांना क्षणभर एका पंक्तीस बसविणाऱ्या जागेस अवदसा म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

मी शाकाहारी, तेव्हां मीं काय घ्यावें हा प्रश्न उरला. नातवानें स्वतः जाऊन आइस्क्रीमचा पेला आणला. ज्या पदार्थापासून त्या दुकानाची सुरुवात झाली, तोच माझ्या वांट्यास आला. जन्मांत प्रथमच परक्या मेजावर बसून मीं तो संपविला. पोर माझ्याकडे पाहात होतें. "आवडलें, आजोबा?" त्यानें विचारलें. मीं होय म्हटलें, आणि तें खोटें नव्हतें.

परतल्यावर पहिल्याच एकादशीस खिचडीचें पान पुढें आलें. तिच्यांतील बटाट्याची फोड पाहून मला हंसूं फुटलें. "अहो, झालें काय?" असें कुटुंबानें विचारलें, तेव्हां सारी हकीकत सांगितली. तिनें ती ऐकून घेतली आणि पानांत आणखी एक डाव खिचडी वाढीत म्हटलें, "वैशाखांत येतों म्हणून त्याचें पत्र आहे. पोरास एक दिवस कोठें न्यावयाचें, तें तुम्हींच ठरवून ठेवा."